बॅलेतील ‘टर्नआउट’ आणि साधनांचा मोह

बॅलेच्या पहिल्या स्थितीत नर्तकीच्या टाचा एकमेकींना भिडलेल्या असतात आणि चवडे विरुद्ध दिशांना वळलेले असतात. दोन्ही पावलांची मिळून एक सरळ रेषा, म्हणजे १८० अंशांचा कोन, हा आदर्श मानला जातो. पायांच्या या बाहेरच्या वळणाला ‘टर्नआउट’ म्हणतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली. त्याच्याच दरबारातील नृत्यगुरू प्येर बोशाँ यांच्याकडे पावलांच्या पाच मूळ स्थितींचे श्रेय जाते. त्या पाचही स्थिती या वळणावरच उभ्या आहेत.

वळण दिसते पावलात, पण यावे लागते खुब्यातून. खुबा हा उखळीचा सांधा. उखळीची खोली, तिच्या तोंडाची दिशा, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन आणि सांध्यापुढील अस्थिबंधांचा ताठपणा यांवर वळणाची मर्यादा ठरते. हाडांची घडण वाढीच्या वयात काहीशी बदलते. प्रौढपणी कोणताही व्यायाम ती बदलू शकत नाही. खुब्यातून पूर्ण ९० अंश वळणारा पाय विरळाच. मग उरलेले अंश कोठून येतात? थोडे गुडघ्याखालून सहज मिळतात, बाकीचे उसने घेतले जातात. गुडघे वाकवून पावले हवी तशी रोवायची आणि मग गुडघे सरळ करायचे. जमिनीच्या घर्षणामुळे पाऊल जागीच अडकून राहते. कोन सुरेख दिसतो, परंतु पीळ गुडघ्याला बसतो, तळपायाची कमान आत कलते, कंबरेचा बाक वाढतो. हे उसने व्याजासह फेडावे लागते, आणि फेडणारी अनेकदा दहा-बारा वर्षांची मुलगी असते.

साधनांचा मोह जुनाच आहे. अठराव्या शतकात पाय बळाने बाहेर वळवणारे ‘तूर्न-हाँश’ नावाचे यंत्र वापरात होते. झाँ-जॉर्ज नोव्हेर या नृत्यरचनाकाराने १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत त्याचा निषेध केला आणि बेताचा, पण अखंड सराव हाच मार्ग सांगितला. त्यात आजही फारशी भर घालावी लागत नाही.

आजची साधने दिसायला निरुपद्रवी असतात. त्यांतील फिरत्या चकत्या खरोखर उपयोगी, कारण त्या लबाडी चालू देत नाहीत. चकतीवर घर्षणाचा आधार नसतो. खुब्यामागील खोल स्नायूंनी धरून ठेवला तेवढाच कोन टिकतो, बाकीचा निसटून जातो. अट एवढीच, की गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावा. झोका देऊन चकती गरकन फिरवली तर तीही गुडघ्याला पिळते. रबरी पट्टा त्याहून साधा. मांड्यांभोवती पट्टा घालून कुशीवर निजावे, गुडघे वाकवावेत, टाचा जुळलेल्या ठेवाव्यात आणि वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा सावकाश उचलावा. कंबर मात्र मागे कलू देऊ नये. याने हाड वळत नाही. आहे ते वळण वापरण्याची ताकद येते.

पालथे निजवून, पाय बेडकासारखे फाकवून पाठीवर कोणी भार देत असेल, तर तो प्रकार पालकांनी तत्काळ थांबवावा. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींच्या घरीही हे लागू आहे, कारण अरैमंडीतही गुडघे खुब्यातूनच बाहेर उघडावे लागतात.

साधन विकत घेण्यापूर्वी एक ताळमेळ अवश्य घालावा. मुलीला कागदावर पहिल्या स्थितीत उभे करून पावलांची रूपरेषा आखावी. मग ती चकत्यांवर, गुडघे सरळ ठेवून, जेवढा कोन स्वबळावर धरू शकते तोही आखून घ्यावा. कागदावरचा कोन मोठा निघाला, तर दोन्ही आकडे शिक्षिकेपुढे ठेवावेत आणि जमिनीवरचा कोन तूर्त तेवढा कमी करण्यास सांगावे. गुडघ्याच्या आतल्या बाजूस किंवा खुब्याच्या पुढे दुखत असल्यास आधी फिजिओथेरपिस्टकडे न्यावे. चकत्यांची खरेदी नंतरही होऊ शकते.