खोपट ते न्यूयॉर्क : विमानाचे तास कसे मोजायचे

ठाण्यातल्या खोपटला आमच्या इमारतीत राहणाऱ्या काकूंची लेक न्यू जर्सीला असते. तिने तिकीट पाठवलं : मुंबईहून रात्री 1:30 ला सुटणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7:30 ला पोचणार. काकू म्हणाल्या, "सहाच तास? आपल्या खोपटच्या एसटी स्टँडवरून कोल्हापूरच्या रातराणीलासुद्धा याहून जास्त लागतात!" प्रश्न रास्त आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो पडतो.

दोन गावांची दोन घड्याळं

तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. दिसणाऱ्या सहा तासांत ते मिळवले की साडेसोळा तास होतात, आणि काकूंचा खरा प्रवास तेवढा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा साडेनऊ तास मिळवायचे.

दोरा लावून बघा

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया आणि अटलांटिकवरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो : कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक. नकाशावर वळसा वाटणारी ही वाट पट्टीच्या रेघेपेक्षा दीड हजार किलोमीटरहून जास्त वाचवते. काकूंनी दोरा स्वतः ताणला, तेव्हाच त्यांना ते पटलं.

विमान मात्र नेहमी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्यांना अरबी समुद्रावरून लांबून जावं लागलं. अशा फेऱ्याने अंतर वाढतं, इंधन वाढतं, तास वाढतात.

जाताना जास्त, येताना कमी

मोठं जेट विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने जातं. त्या हिशेबाने 12,500 किलोमीटरला चौदा तास पुरायला हवेत. पण उंचावर जेट प्रवाह नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. म्हणून येतानाचा प्रवास तास-दोन तासांनी कमी भरतो. हिवाळ्यात हे वारे जास्त जोर धरतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबणंही धरलेलं असतं.

मधले थांबे

पूर्वी असा लांबचा प्रवास थांबत थांबत व्हायचा. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. आज लंडनचे सुमारे 7,200 किलोमीटर एका दमात होतात. न्यूयॉर्कची सेवा 1960 मध्ये बोइंग 707 ने सुरू झाली, तीही लंडनमार्गे.

खोपटहून निघताना

मुंबई विमानतळाचं अंधेरीतलं टर्मिनल 2 इथून साधारण पंचवीस किलोमीटर. सुटायच्या तीन तास आधी तिथे पोचायचं. इथे एक चूक हमखास होते : रात्री 1:30 म्हणजे तारीख बदललेली असते. तिकिटावर 15 तारीख असेल, तर घरातून 14 च्या रात्री साडेनऊच्या आत निघायला हवं. काकूंनी कॅलेंडरवर 14 भोवतीच गोल केला.