एका घरावरची आपत्ती

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात माझ्या एका मित्राचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप. दोन लेथ, एक प्रेस, वेल्डिंगची पाच-सहा यंत्रे आणि अकरा माणसे. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले, तेव्हापासून हे कुटुंब जबलपूरचे. घरात मराठी टिकली, पण नर्मदाकाठच्या हिंदीचे वळण घेऊन. ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, शेडचे पत्रे बदलताना तो चौदा फुटांवरून खाली आला. नागपूरच्या एका रुग्णालयात दोन शस्त्रक्रिया झाल्या. कमरेखालची संवेदना परत आली नाही.

हा मनुष्य कसा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनअभावी माणसे तडफडत होती, तेव्हा त्याने कटिंगच्या कामाचे आपले सगळे सिलिंडर शेजाऱ्यांसाठी काढून दिले आणि ते भरून आणण्यासाठी रात्रभर रांगेत स्वतः उभा राहिला. कामगारांच्या राज्य विमा योजनेचा हप्ता त्याने कधी चुकवला नाही. कोणाच्या मुलीची फी, कोणाच्या आईचे ऑपरेशन, कोणाला स्वतःचे वर्कशॉप टाकायला उसनवारी, हे सारे एका निळ्या वहीत लिहिलेले असे. वही लिहायचा, पण वसुलीसाठी उघडायचा नाही.

अकरा कामगारांपैकी कोणी त्या दिवशी पत्र्यावरून पडला असता, तर राज्य विमा योजनेतून त्याला उपचार आणि अपंगत्वाचा मासिक लाभ मिळाला असता. मालक मात्र त्या योजनेत कर्मचारी म्हणून बसत नाही. लहान उद्योजक हा आपल्या धोरणकर्त्यांच्या भाषणांतला लाडका नायक आहे. रोजगार मागणारा नव्हे, देणारा. पण देणाऱ्याचा कणा मोडला तर काय, याचा विचार त्या भाषणांत नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून त्याने स्वतःलाही नोंदवले होते, म्हणून दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्याबद्दल दोन लाख रुपये मिळाले. शस्त्रक्रियांचे बिल याच्या कितीतरी पुढे गेले होते. केंद्राचे अपंगत्व निवृत्तिवेतन दरमहा ३०० रुपये आहे, आणि तेही दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांनाच. ज्याच्या नावावर घर आणि वर्कशॉप आहे, तो या यादीत कधीच येत नाही. त्या घरावर ३८ लाखांचे कर्ज आहे, ही गोष्ट यादी करणाऱ्यांच्या हिशेबात नसते.

कर्ज देताना बँकेने विम्याचा हप्ताही कर्जातच धरला होता. कागद काढून पाहिले, तर तो विमा फक्त मृत्यूसाठी होता. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हे गेले असते तर घर वाचले असते." त्यांनी हे रागाने म्हटले नव्हते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

आता आम्ही मित्रांनी काय केले ते सांगतो, कारण त्यातला मोठा भाग चुकीचा होता. बातमी कळताच आम्ही जुने वर्गमित्र एकत्र आलो आणि जानेवारीअखेरपर्यंत सव्वासहा लाख रुपये जमवले. ते दोन-तीन हप्त्यांत कर्जखात्यात भरले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात राहिलो. तोवर खाते ९० दिवसांची मर्यादा ओलांडून एनपीए झाले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की, असे खाते पुन्हा नियमित ठरायचे तर व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरली गेली पाहिजे. अर्धीमुर्धी रक्कम भरून वर्गवारी बदलत नाही. आमचे पैसे वाया गेले असे नाही, तेवढे देणे कमी झाले. पण घर त्याने जराही सुरक्षित झाले नाही. तेच पैसे तीन आठवडे आधी, थकबाकी पूर्ण होईल अशा बेताने भरले असते तर गोष्ट वेगळी होती. हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि आमच्यात दोन जण सनदी लेखापाल आहेत.

सरफेसी कायदा २००२ चा. त्यापूर्वी तारण मालमत्तेच्या वसुलीचे दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे कुजत, आणि त्याची किंमत ठेवीदार मोजत. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. त्या निकालाशी माझे भांडण नाही. बँकेचा पैसा कोणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीतून येतो, हे मला कळते. माझा आक्षेप या कायद्याच्या घड्याळाला आहे.

ते घड्याळ असे चालते. कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस येते. त्या मुदतीत कर्जदाराने हरकत नोंदवली, तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे. त्यानंतर ताब्याची नोटीस, जी घराच्या दारावर चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या, छापून येते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळे देणे चुकते केले नाही, तर घर सोडवून घेण्याचा हक्कही संपतो; २०२३ च्या बाफना मोटर्स निकालाने हे पक्के केले. म्हणजे मदत कोणत्या दिवशी पोहोचते, यावर ती मदत ठरते की नाही हे अवलंबून. आणि हे दिवस मोजायचे कोणी? जो त्या काळात पाठीवर झोपून, दर दोन तासांनी कोणीतरी कूस बदलून देण्याची वाट पाहत असतो, त्याने.

आमच्या मित्राची साठ दिवसांची नोटीस एक्स-रे आणि एमआरआयच्या मोठ्या पाकिटात सापडली. टपाल आले, वहिनींनी सही केली, रुग्णालयाचे काहीतरी असेल म्हणून आत ठेवले. आम्ही ती पाहिली तेव्हा ४१ दिवस उलटले होते. उरलेल्या १९ दिवसांत हरकत लिहून दिली. उत्तर मुदतीत आले. त्यात खाते क्रमांक आणि नाव सोडले तर आमच्या पत्राशी संबंधित असे काही नव्हते. जूनमध्ये ताब्याची नोटीस वर्तमानपत्रात छापून आली आणि ज्या गल्लीत त्याच्याविषयी लोक आदराने बोलत, तिथे कुजबुज सुरू झाली. मला वाटते, त्या कणा मोडलेल्या माणसाला पहिल्यांदा खचलेला मी त्या सकाळी पाहिला.

एक गोष्ट मात्र आम्हाला ठाऊक असायला हवी होती, आणि ती वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि या कायद्यात 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणेही येतात. आमच्या मित्राला असा वकील मिळाला. दुसरे नशीब भूगोलाचे: मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठीचे कर्जवसुली न्यायाधिकरण जबलपुरातच आहे. व्हीलचेअर रिक्षात चढवून आम्ही तिथे पोहोचलो. बस्तरमधल्या एखाद्याचा कणा मोडला असता, तर त्याने काय केले असते?

प्रकरण चालू असतानाच, १ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्स प्रकरणात निकाल दिला. लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी २०१५ मध्ये आखलेली चौकट बँकांवर बंधनकारक आहे, खाते बुडण्याआधीच अडचणीची लक्षणे ओळखणे हे त्यांचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले. आम्ही आशेने पुढे वाचत गेलो. पण उद्योजकानेही जागरूक राहून, खाते एनपीए होण्याआधी, कागदपत्रांसह हा लाभ मागितला पाहिजे, असेही त्यात होते. त्या नव्वद दिवसांपैकी बहुतेक दिवस आमचा उद्योजक अतिदक्षता विभागात आणि त्यानंतरच्या वॉर्डात होता.

पूर आला, दुष्काळ पडला, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकांना कर्जांची फेररचना करता येते. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तर मुदत वाढते. महासाथीत १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते स्थगित झाले आणि त्यामुळे बँकव्यवस्था कोसळली नाही. आपत्ती जिल्ह्यावर आली तर ती आपल्या बँकव्यवस्थेला दिसते, एकाच घरावर आली तर दिसत नाही. ब्रिटनमध्ये अपंगत्वामुळे किंवा अन्य कारणाने ठराविक सरकारी लाभांवर जगणाऱ्यांच्या गृहकर्जाच्या व्याजासाठी सरकार हातभार लावते. २०१८ पासून ती मदत उसनी आहे, घर विकताना परत करायची असते. आपल्याकडे इतके मागणेही धाडसाचे वाटेल. माझे मागणे लहान आहे: अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र सादर झाले की, मागणी नोटिशीचे घड्याळ सहा महिने थांबावे. व्याज चालू राहू द्या, तारण बँकेकडेच राहू द्या. आणि कर्जासोबत विमा विकताना तो अपंगत्वासाठी आहे की नाही, हे मंजुरीपत्राच्या पहिल्या पानावर कर्जदाराच्या भाषेत लिहावे.

न्यायाधिकरणात मुदत मिळाली, तेवढ्यात एकरकमी तडजोडीची बोलणी सुरू झाली. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलेच आहे. ती बँकेच्या मर्जीची गोष्ट. चौथा हिस्सा आधी भरायचा होता. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारणातले काही विकता येत नाही, म्हणून ती संमती घेऊन लेथ आणि प्रेस विकायला काढले. उरले निळ्या वहीतले पैसे.

त्याने वही द्यायला साफ नकार दिला. "मी त्यांच्या अडचणीत दिले," तो म्हणाला, "माझ्या अडचणीत मागायचे म्हणून नाही." यावर आमच्यात खरेखुरे भांडण झाले. शेवटी वहिनींनी ती वही माझ्या पिशवीत टाकली, आणि आम्ही तिघे गढ्यापासून रांझीपर्यंत दारोदार गेलो. काहींनी ओळख दाखवली नाही. एका निवृत्त शिक्षकांनी वहीत नसलेली रक्कम आणून दिली. ती १९९८ सालची होती, म्हणाले. त्याच्याकडेच शिकून रिछाईत स्वतःचे वर्कशॉप टाकलेल्या एका जुन्या कामगाराने दोन्ही लेथ योग्य भावाने घेतले आणि अंदाजपत्रकांचे काम त्याच्याकडेच पाठवायला सुरुवात केली. आता तो व्हीलचेअरवर बसून, मांडीवर फळी ठेवून, शेडची ड्रॉइंग काढतो.

तडजोडीचा शेवटचा हप्ता मार्चअखेर आहे. त्यानंतर तीस दिवसांत घराची कागदपत्रे परत मिळायला हवीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. हा नियम तो पाठ म्हणून दाखवतो.

मागच्या भेटीत मी वही परत केली. त्याने नवे पान उघडून दाखवले. त्यावर आम्हा सगळ्यांची नावे होती, प्रत्येकापुढे रक्कम आणि तारीख. माझ्या नावापुढची रक्कम चुकली होती, मी दिली त्यापेक्षा चार हजारांनी जास्त. मी ते सांगितले, तर म्हणाला, रिक्षाचे पैसे धरलेत.