टिपणांतून तयार होणारी पुस्तिका

शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना लेखनिक विद्यार्थ्याला त्याची जन्मतारीख विचारत बसत नाही. जनरल रजिस्टर उघडायचे, त्यातील नोंद शोधायची आणि तीच दाखल्यावर उतरवायची, ही पद्धत. दाखल्यासाठी निराळी माहिती गोळा करायची नसल्यामुळे दोन कागदांवर दोन तारखा येण्याचा धोका टळतो. मात्र रजिस्टरातच तारीख चुकलेली असेल, तर ती चूकही दाखल्यावर जशीच्या तशी उतरते आणि सही-शिक्क्यामुळे अधिकच खरी वाटू लागते.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनीही अशीच एक पद्धत स्वीकारली आहे. आज्ञावलीची माहितीपुस्तिका वेगळी न लिहिता ती आज्ञावलीतूनच आपोआप तयार करायची. हे कसे साधते आणि त्यात यंत्राचा वाटा किती, माणसाचा किती, ते आपण पाहू.

संगणक जे वाचत नाही

आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक संगणकासाठी आणि दुसरा माणसासाठी. माणसासाठी लिहिलेल्या मजकुराला ‘कॉमेंट’ म्हणतात. आपण त्याला टिपण म्हणू. जावा किंवा सी या भाषांत /* आणि */ या खुणांमध्ये लिहिलेला मजकूर म्हणजे टिपण. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर या खुणा दिसल्या की मधला मजकूर सोडून देतो. तिथे काहीही लिहिले तरी आज्ञावलीच्या वागण्यात फरक पडत नाही. टिपणाचा उपयोग आणि त्याचा धोका, दोन्ही या एकाच गोष्टीतून निर्माण होतात. त्यात मनमोकळे स्पष्टीकरण देता येते, पण ते खोटे ठरले तर संगणक तक्रार करत नाही.

मोठी आज्ञावली एकट्याने लिहून होत नाही. एकाने लिहिलेला भाग दुसरा वापरतो. त्या भागाला कोणती मूल्ये पुरवायची, कोणत्या एककात पुरवायची आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे. त्यासाठी पुस्तिका लागते. पूर्वी ती वेगळ्या कागदांवर लिहिली जाई. आज्ञावली बदलत राही, पुस्तिका मात्र कपाटात तशीच राही.

लेखी कागद आणि चालणारी आज्ञावली यांत फारकत झाली की काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला आवेग न्यूटन-सेकंदात नोंदवावा, असे ठरलेल्या लेखी तपशिलात होते. जमिनीवरच्या एका आज्ञावलीने तो पौंड-सेकंदात नोंदवला. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. परिणामी, मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जाण्याची योजना असलेले यान सुमारे ५७ किलोमीटर उंचीपर्यंत खाली आले, असे नंतरच्या गणितातून दिसले. कागद बरोबर होता, पण आज्ञावलीने काही तो वाचलेला नव्हता.

दोन मजकूर एका जागी

स्पष्टीकरण आणि आज्ञावली एकाच ठिकाणी ठेवावी, हा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या लेखात ठामपणे मांडला. आज्ञावली ही आधी माणसाला समजेल असा निबंध असावी, संगणकासाठीच्या सूचना त्या निबंधात गुंफलेल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी ‘वेब’ नावाची पद्धत तयार केली. पुढे इंटरनेटवर आलेल्या वेबशी तिचा संबंध नाही. या पद्धतीत एकाच फाईलवर दोन साधने चालत. ‘टँगल’ त्यातून संगणकासाठी पास्कल भाषेतील आज्ञावली काढी आणि ‘वीव्ह’ माणसासाठी छापण्याजोगा मजकूर. मुद्रणासाठी त्यांनी केलेली ‘टेक’ ही आज्ञावली याच पद्धतीने लिहिलेली आहे आणि १९८६ मध्ये ती स्पष्टीकरणासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

सगळी आज्ञावली निबंधासारखी लिहिणे बहुतेकांना जड गेले. त्यामानाने साधा मार्ग अधिक रुळला. आज्ञावली नेहमीसारखीच लिहायची, पण प्रत्येक महत्त्वाच्या भागाच्या डोक्यावर ठरावीक पद्धतीचे टिपण लिहायचे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९० च्या दशकात जावा भाषेबरोबर ‘जावाडॉक’ हे साधन दिले, ते याच मार्गाने जाणारे. नेदरलँड्सच्या दिमित्री व्हान हीश यांनी १९९७ मध्ये आणलेले ‘डॉक्सिजन’ हे साधन सी++ आणि इतर भाषांसाठी वापरले जाते.

साधन काय करते?

एक लहान उदाहरण घेऊ. टक्केवारी काढणारे एक फंक्शन आहे. प्रत्यक्षात यातील आज्ञाशब्द रोमन अक्षरांत लिहितात. येथे सोयीसाठी ते नागरीत दिले आहेत.

/**
 * विद्यार्थ्याची टक्केवारी काढते.
 * @पॅरम गुण – मिळालेले एकूण गुण
 * @पॅरम कमाल – परीक्षेचे कमाल गुण. शून्य चालणार नाही
 * @रिटर्न – टक्केवारी, जवळच्या पूर्णांकात
 */
पूर्णांक टक्केवारी(पूर्णांक गुण, पूर्णांक कमाल)

सुरुवातीला एकाऐवजी दोन फुल्या आहेत. कंपायलरच्या दृष्टीने त्यांत काही फरक नाही, त्याला हेही टिपणच. जावाडॉकला मात्र ती दुसरी फुली सांगते की हे टिपण पुस्तिकेसाठी आहे. त्यानंतर साधनाचे काम पुढील क्रमाने चालते.

पहिली पायरी: ते सबंध फाईल वाचून मजकुराचे शब्द, चिन्हे आणि टिपणे असे तुकडे पाडते. कंपायलर टिपणे टाकून देतो, हे साधन ती जपून ठेवते.

दुसरी पायरी: भाषेच्या व्याकरणानुसार ते फंक्शनचे नाव, त्याला लागणारी मूल्ये आणि मिळणाऱ्या उत्तराचा प्रकार ओळखते. ही माहिती टिपणातून नव्हे, प्रत्यक्ष आज्ञावलीतून मिळते.

तिसरी पायरी: प्रत्येक टिपण त्याच्या लगेच खाली असलेल्या भागाशी जोडले जाते.

चौथी पायरी: @ या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढून त्यांचे तक्ते होतात. पहिले वाक्य थोडक्यात ओळख म्हणून यादीत जाते.

शेवटी या सगळ्याची पाने तयार होतात, अकारविल्हे सूची बनते आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे जोडले जातात. आज्ञावली बदलली की साधन पुन्हा चालवायचे. नवी पुस्तिका तयार.

यंत्राला काय कळत नाही?

आता समजा, कोणी या फंक्शनमध्ये दुरुस्ती केली आणि २०९ ला १०० ने गुणून ६०० ने भागण्याचे काम पूर्णांकांच्या भागाकाराने केले. जावात असा भागाकार अपूर्णांक सोडून देतो. ६०० पैकी २०९ गुण म्हणजे ३४.८३ टक्के. जवळच्या पूर्णांकात ते ३५ होतात, अपूर्णांक सोडला तर ३४. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५ असेल, तर एका ओळीच्या फरकाने मुलगा नापास झाला.

टिपण मात्र कोणी बदलले नाही. साधन पुन्हा चालवले तर पुस्तिकेत काय येईल? ‘टक्केवारी, जवळच्या पूर्णांकात’, हेच. पाने नवी, सूची अचूक आणि विधान खोटे. मूल्याचे नाव बदलले असते आणि टिपणात जुनेच राहिले असते, तर आजच्या जावाडॉकने ही विसंगती दाखवली असती, कारण नावे दोन्हीकडे आहेत आणि ती जुळवता येतात. ‘जवळच्या पूर्णांकात’ या शब्दांचा अर्थ आज्ञावलीशी जुळवून पाहणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

यावर एक सुंदर उपाय निघाला. पायथन भाषेत फंक्शनच्या आतच, सुरुवातीला तिहेरी अवतरणचिन्हांत माहिती लिहिता येते. त्या माहितीत उदाहरणेही देता येतात. टिम पीटर्स यांचे ‘डॉकटेस्ट’ हे साधन २००१ पासून पायथनसोबतच मिळते. ते माहितीतील >>> या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी शोधते, त्या प्रत्यक्ष चालवते आणि आलेले उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. आपल्या उदाहरणात असे लिहिता येईल:

>>> टक्केवारी(२०९, ६००)
३५

(चालवताना आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावे लागतात.) अपूर्णांक सोडणारी दुरुस्ती झाल्यावर डॉकटेस्ट लगेच सांगेल: अपेक्षित ३५, मिळाले ३४. येथे पुस्तिकेतील एक ओळ केवळ वर्णन राहिली नाही, तर तपासणी बनली. रस्ट या भाषेतही पुस्तिकेतील उदाहरणे अशीच चालवून पाहण्याची सोय आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावली वाचून टिपणही लिहून देतात. आपल्या बिघडलेल्या फंक्शनवर असे साधन कदाचित बिनचूक लिहील: ‘अपूर्णांक सोडून टक्केवारी देते’. टिपण आणि आज्ञावली आता जुळतील, पण त्यामुळे चूक सापडण्याचा शेवटचा धागाही तुटेल. आज्ञावली काय करते हे तिच्यातून वाचता येते. तिने काय करायला हवे होते, हे परीक्षेचा नियम जाणणाऱ्या माणसालाच सांगावे लागते.

वर्गात करून पाहण्यासाठी

ज्या शाळेत संगणकावर पायथन आहे, तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा प्रयोग देता येईल. प्रत्येकाने एक लहान फंक्शन लिहावे: लीप वर्ष ओळखणे, सरळव्याज काढणे, असे काहीही. आज्ञावली लिहिण्यापूर्वी माहिती आणि तीन उदाहरणे लिहावीत. उदाहरणे मुद्दाम सीमेवरची निवडावीत. लीप वर्षासाठी २०२४ घेतले तर फारसे काही तपासले जात नाही, १९०० आणि २००० घेतली तर खरी परीक्षा होते. मग वह्यांची अदलाबदल करावी आणि दुसऱ्याने केवळ माहिती वाचून आज्ञावली लिहावी. दोघांच्या आज्ञावल्या एकच उत्तर देतात का, ते डॉकटेस्ट सांगेल.

उत्तरे जुळली नाहीत तर आधी आज्ञावलीत नव्हे, लिहिलेल्या वाक्यात काय राहून गेले ते शोधायला सांगावे. नेमके वाक्य लिहिण्याचे हे शिक्षण भाषेच्या तासालाही तितकेच उपयोगी पडेल.