अन्नरसाची वाटणी : सर जॉन हॅमंड यांचे संशोधनकार्य

गाय वेळेवर माजावर न येणे, आली तरी वारंवार उलटणे, अथवा गाभण राहूनही दुबळे वासरू देणे, या तक्रारींचे खापर आपल्याकडे कधी वळूवर, कधी रेतनावर, तर कधी नशिबावर फोडले जाते; परंतु प्रजनन आणि चयापचय ही एकाच देहव्यवहाराची दोन अंगे असून एका अंगातील वैगुण्याचे कारण पुष्कळदा दुसऱ्यात सापडते, ही दृष्टी ज्यांनी पशुविज्ञानात दृढमूल केली, त्या सर जॉन हॅमंड यांचे कार्य दुभत्या जनावराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे इतक्या मोलाचे आहे.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात 1889 साली जन्मलेले हॅमंड केंब्रिजला शिकले आणि पहिल्या महायुद्धातील लष्करी चाकरीचा काळ वगळता तेथेच रमले. प्रजननशास्त्राचे आद्य ग्रंथकार मार्शल हे त्यांचे गुरू. ससा आणि गाय यांच्या प्रजननावरील हॅमंड यांचे ग्रंथ अनुक्रमे 1925 व 1927 साली प्रसिद्ध झाले. गाईचे ऋतुचक्र सुमारे 21 दिवसांचे असते, आणि तिचे स्त्रीबीज माज चालू असताना नव्हे, तर तो ओसरल्यावर काही तासांनी सुटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, हा आज गावोगाव पाळला जाणारा नियम याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे.

कृत्रिम रेतनाचा पाया रशियात इव्हानोव्ह यांनी घातला होता. केंब्रिजमध्ये हॅमंड व त्यांचे सहकारी वॉल्टन यांनी ते तंत्र अभ्यासून रुजवले. मेंढ्याचे रेत 1936 साली केंब्रिजहून पोलंडला पाठवून तेथील मेंढ्यांना कोकरे झाली, आणि ऐन दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, केंब्रिजला शेतकऱ्यांसाठी रेतन केंद्र सुरू झाले.

तथापि हॅमंड यांना हे तंत्र केवळ पैदाशीचे साधन म्हणून नव्हे, तर निसर्गाला प्रश्न विचारण्याचे साधन म्हणूनही हवे होते. अवजड ओझी ओढणारी शायर जातीची घोडी आणि ठेंगणे शेटलंड तट्टू यांचा संकर त्यांनी व वॉल्टन यांनी कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी घडवून आणला. दोन्ही शिंगरांत निम्मा वारसा शायरचा, निम्मा शेटलंडचा. असे असूनही शायर मातेचे शिंगरू जन्मतः शेटलंड मातेच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट भरले. गर्भाची वाढ केवळ वंशावर ठरत नाही, माता त्याला किती पोषण पुरवू शकते यावरही ठरते, हा 1938 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढील साऱ्या विचाराचे बीज ठरला.

त्या बीजाचा विस्तार त्यांनी 1944 साली मांडला. त्यांच्या मते रक्तातील अन्नरसावर ज्या पेशीसमूहाचा चयापचय अधिक वेगवान त्याचा हक्क आधी : प्रथम मेंदू व मज्जासंस्था, मग वार व गर्भ, नंतर हाडे, त्यानंतर स्नायू आणि सर्वांच्या शेवटी चरबी. दुष्काळात सरकारी खजिन्यातून कोणत्या खात्याची तैनात आधी तोडावी याचा जसा क्रम लागतो, तसाच हा क्रम. आणि टंचाई वाढली की चरबी व स्नायू यांची तैनात तर बंद होतेच, उलट त्यांच्याकडून जुनी शिल्लकही वसूल होते. 1980 साली अमेरिकेत बाउमन व करी यांनी ही वाटणी संप्रेरकांच्या अंमलाखाली अवस्थेनुसार बदलते, हे दाखवून या विचाराला अधिक सखोल रूप दिले.

1933 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि 1960 साली सर ही पदवी मिळालेले हॅमंड 1964 साली निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनी मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केली आणि कालांतराने कृत्रिम रेतन महाराष्ट्रातील गोठ्यांच्या दारी पोहोचले. हॅमंड यांच्या वाटणीच्या विचाराचा प्रत्यय या गोठ्यांतही येतो : संकरित गाय व्यायल्यानंतर खुराकातून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा अधिक शक्ती दुधावाटे देते, अंगावरची चरबी झिजवते, आणि ही तूट भरून येईपर्यंत बीजकोशाचे काम मंदावते. म्हणून उलटणाऱ्या गाईसाठी वळू बदलण्याआधी तिची दावण तपासावी. गर्भाचे बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. त्या काळात, आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण यांत केलेली काटकसर ही काटकसर नसून पुढच्या वेताचे नुकसान आहे, आणि ते टाळणे सर्वस्वी पशुपालकाच्या हातात आहे.