चिंचोके, मणी आणि प्लॅटिनम

कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, हे समीकरण आपण फळ्यावर लिहितो. म्हणून प्लॅटिनम या उत्प्रेरकावर हे वायू २:१ प्रमाणात सोडले की अभिक्रिया उत्तम चालेल, असे मात्र नाही. समीकरण फक्त हिशेब सांगते. पृष्ठभागावर जागा कोणाला मिळते, हे त्यातून कळत नाही.

झिफ, गुलारी आणि बारशाद यांनी १९८६ मध्ये यासाठी संगणकावर एक अगदी साधे प्रतिमान मांडले. ते वर्गातही करता येते. प्लॅटिनमचा पृष्ठभाग म्हणजे चौकटींचा कागद. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे मणी. त्याला एक रिकामी चौकट पुरते. ऑक्सिजनच्या रेणूचे बसताना दोन अणू होतात, म्हणून त्याच्या दोन चिंचोक्यांना लगतच्या दोन रिकाम्या चौकटी हव्यात. (गर्दीच्या एस.टी.त एकट्याला जागा मिळते, जोडप्याला शेजारी-शेजारी मिळत नाही!) फासा टाका. १, २, ३ पडल्यास मणी, एरवी चिंचोके. चौकट चिठ्ठ्या टाकून निवडा. ती भरलेली असेल तर डाव फुकट. मणी व चिंचोका शेजारी आले की दोन्ही उचला: कार्बन डायऑक्साइड उडून गेला.

संगणकाने हजारो चौकटींवर हा खेळ खेळल्यावर काय दिसले? कार्बन मोनॉक्साइडचा वाटा सुमारे ३९ टक्क्यांहून कमी असेल तर कागद चिंचोक्यांनी भरतो, सुमारे ५२.५ टक्क्यांहून अधिक असेल तर मण्यांनी, आणि तोही एकाएकी. दोन्हीकडे अभिक्रिया ठप्प. आपला फासा ५० टक्के देतो, म्हणून खेळ चालतो. कागद लहान असेल तर योगायोगाने अडकूही शकतो. आता ४ पडल्यावरही मणीच ठेवा. हे झाले समीकरणातले २:१ प्रमाण, आणि कागद मण्यांनी गच्च!

कार्बन मोनॉक्साइड वाढला की अभिक्रिया मंदावते, हे लँगम्यूर यांनी १९२२ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. चिंचोक्यांची कोंडी मात्र खऱ्या प्लॅटिनमवर आढळत नाही, कारण ऑक्सिजनच्या अणूंमधूनही कार्बन मोनॉक्साइडला शिरकाव मिळतो. प्रतिमान इथे चुकते, आणि मला तोच भाग वर्गात चर्चेसाठी अधिक मोलाचा वाटतो.

आणखी एक नियम घालून पाहा. धातू तापला की कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आपोआप सुटू लागतात. तेव्हा दर काही डावांनी एखादा मणी उचलायचा. थंड मोटार सुरू केल्यावर तिच्या धूर सोडणाऱ्या नळीतला उत्प्रेरक पहिली मिनिटे नीट काम का करत नाही, याचे एक कारण विद्यार्थी स्वतःच सांगतील.