सहा डब्यांची रिनाऊन, बारा डब्यांची रिनाऊन

बारा डब्यांची लोकल म्हणजे साधारण अडीचशे मीटर. हेंद्रेपाड्यातून धापा टाकत बदलापूर स्टेशन गाठणाऱ्याला हा आकडा सांगावा लागत नाही. जिना कर्जतच्या टोकाला उतरतो, ठरलेला डबा मुंबईच्या टोकाला असतो आणि गाडी सुटायच्या बेतात असते. आपल्याकडे लांबी मोजायला याहून पक्की पट्टी नाही, म्हणून याच पट्टीने दोन लढाऊ जहाजं मोजू.

दोन्ही ब्रिटिश आरमाराची, दोघांचं नाव एकच, 'रिनाऊन', आणि दोघांनीही इंग्लंडच्या युवराजाला मुंबईत आणलं. पहिली आली ९ नोव्हेंबर १९०५ ला. पुढे पंचम जॉर्ज झालेले युवराज तिच्यातून उतरले. दोनच दिवसांनी त्यांनी ज्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, त्याला आज छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. दुसरी आली १७ नोव्हेंबर १९२१ ला. तिच्यात त्यांचा मुलगा एडवर्ड होता.

पहिली रिनाऊन ४१२ फूट, म्हणजे १२६ मीटर: सहा डबे. दुसरी ७९४ फूट, म्हणजे २४२ मीटर: जवळजवळ अख्खी बारा डब्यांची गाडी. दोन भेटींत अंतर सोळा वर्षांचं.

लांबी दुप्पट झाली एवढंच असतं तर लिहायचं कारण नव्हतं. खरी गंमत तोफांत आहे. पहिलीच्या मुख्य तोफा चार, दहा इंची. एकेक गोळा सव्वादोनशे किलोचा. चारही तोफा एकदम डागल्या तर नऊशे किलोंच्या आसपास लोखंड सुटायचं. दुसरीच्या तोफा सहा, पंधरा इंची, आणि तिचा एकच गोळा ८७१ किलोचा! पहिलीने सगळा जोर लावून जेवढं फेकायचं, जवळजवळ तेवढं दुसरी एका नळीतून फेकणार. सहाही तोफांचा एक बार म्हणजे सव्वापाच टन. प्रत्येक तोफ सुमारे शंभर टनांची आणि साडेसोळा मीटर लांब, लोकलच्या डब्याच्या पाऊणपट. गोळ्यामागे दर वेळी जवळपास दोनशे किलो कॉर्डाइट, म्हणजे तोफेची दारू, तेही चार पिशव्यांत, कारण एवढं ओझं एका पिशवीत हलवणं कठीण.

अपोलो बंदरासमोर नांगर टाकून नळी वीस अंशांनी उचलली, तर गोळा साडेएकवीस किलोमीटर जाणार, म्हणजे घाटकोपरला पडणार. धीम्या लोकलला तिथे पोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, गोळ्याला एक मिनिटही लागत नाही. बदलापूर गेटवेपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरवर, म्हणजे माऱ्याबाहेर. लांब राहण्याचा तेवढा तरी फायदा.

आता वेग. १९१६ च्या चाचणीत दुसऱ्या रिनाऊनने साडेबत्तीस नॉट गाठले, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. बदलापूर ते सीएसएमटी हे ६८ किलोमीटर आपली फास्ट लोकल सव्वा तासाच्या आसपास कापते. तिची सरासरी काढून बघा, जहाजापेक्षा कमीच भरेल! आणि हे जहाज पाणी कापत चाललेलं, तेही सत्तावीस हजार टनांचं. त्या चाचणीत यंत्रांनी १ लाख २६ हजार हॉर्सपॉवर दिली. लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं आजचं डब्ल्यूएपी-७ इंजिन सहा हजारांच्या थोडं वर जातं. तशी वीस इंजिनं एकापुढे एक जोडा, म्हणजे हिशेब जमेल. वाफेसाठी बॉयलर होते ४२. तेलाच्या टाक्या चार हजार टनांवर, आणि १८ नॉटच्या शांत चालीतही दर सागरी मैलाला एक टनाहून जास्त तेल जळायचं. बदलापूर ते सीएसएमटी एवढ्या अंतराला धरा ३९ टन.

ही उडी कुठून आली? पहिली रिनाऊन मुंबईत येण्याआधी जेमतेम पाच आठवडे, २ ऑक्टोबर १९०५ ला, पोर्ट्समथच्या गोदीत ड्रेडनॉट या युद्धनौकेचं काम सुरू झालं होतं. बारा इंची दहा तोफा आणि मोठ्या युद्धनौकेत पहिल्यांदाच टर्बाइन. १० फेब्रुवारी १९०६ ला ती पाण्यात उतरली, तेव्हा युवराजांचा हिंदुस्थानचा दौरा अजून चालूच होता. पांढरा रंग दिलेलं, छोट्या तोफा काढून राजेशाही सोयी केलेलं त्यांचं जहाज दौऱ्यातल्या दौऱ्यात जुनं झालं. ड्रेडनॉटचा हट्ट धरणारे ॲडमिरल फिशर यांचं ही पांढरी रिनाऊन एके काळी आवडतं ध्वजजहाज होतं. दुसऱ्या रिनाऊनमागेही हेच गृहस्थ. जानेवारी १९१५ मध्ये ग्लासगोच्या गोव्हनला तिचं काम सुरू झालं आणि सप्टेंबर १९१६ मध्ये ती तयार होती. वीस महिने. खर्च तीस लाख पौंडांच्या घरात, तेव्हाच्या पंधरा रुपये भावाने साडेचार कोटी. गेटवे ऑफ इंडियाला एकवीस लाख लागले, म्हणजे एका जहाजात एकवीस गेटवे. गेटवेची कोनशिला १९१३ ची, उद्घाटन १९२४ चं. एडवर्ड उतरला तेव्हा गेटवे पुरा व्हायचाच होता. तुलना अन्यायाची आहे, मान्य, पण करायचा मोह आवरत नाही.

एवढ्या तोफा, एवढा वेग. मग काटकसर कुठे झाली? कातडीत. कडेचं चिलखत फक्त सहा इंचांचं. वेग हेच चिलखत, हा फिशर यांचा सिद्धांत. ३१ मे १९१६ ला जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईत त्याचा निकाल लागला. इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या रिनाऊनच्याच जातीच्या तीन बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. माणसं गेली अनुक्रमे १,०१७, १,२६६ आणि १,०२६. तिन्ही मिळून वाचले तिसाच्याही आत. त्या लढाईत ब्रिटिशांची ६,०९४ माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त या तीन जहाजांवरची. दोष पातळ चिलखताचा होताच, पण भराभर मारा करायचा म्हणून दारूकोठाराची दारं उघडी ठेवायची आणि कॉर्डाइटच्या पिशव्या आधीच बाहेर रचून ठेवायच्या, ही सवय जास्त नडली. वर बुरुजात पेटलेली आग थेट कोठारात उतरली.

बरं, एवढं करून नेम? ब्रिटिश मोठ्या तोफांनी त्या दिवशी साडेचार हजारांच्या आसपास गोळे झाडले. लागले जेमतेम सव्वाशे. गोळा चाळीस सेकंद हवेत असेल, तर पंचवीस नॉटने पळणारं जहाज तेवढ्यात पाचशे मीटर पुढे जातं, म्हणजे दोन अख्ख्या लोकल. तिथे नेम धरणं हा बराचसा अंदाजाचाच खेळ.

रिनाऊन जटलंडनंतर ताफ्यात आली आणि लगेच जादा चिलखतासाठी गोदीत गेली. ती आणि तिची जुळी रिपल्स यांना खलाशी 'रिफिट' आणि 'रिपेअर' म्हणत. अख्ख्या पहिल्या महायुद्धात रिनाऊनने शत्रूवर एकही गोळा झाडला नाही. युद्ध संपल्यावर ती युवराजांच्या दौऱ्यांना लागली. दोन धुराड्यांमध्ये मोठी खोली बांधली. डावीकडे स्क्वॉशचं मैदान, उजवीकडे सिनेमा.

या थाटात ती मुंबईत आली तो दिवस हरताळाचा. परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेले आणि बहिष्कार घालणारे यांच्यात दंगल पेटली. पन्नासहून अधिक माणसं मेली आणि गांधीजींनी उपवास धरला. मिनिटाला दहा टन लोखंड फेकू शकणारं जहाज समोर बंदरात उभं होतं, आणि गिरगाव-भायखळ्याच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग शून्य. १९ तारखेला एडवर्डने पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी केली. मुंबईहून पुण्याला आगगाडीने जायचं तर वाट बदलापूरवरूनच. गाडी अर्थात कोळशाची; मुंबईत विजेची पहिली गाडी धावायला अजून तीन वर्षं होती.

त्याच आठवड्यात, १२ नोव्हेंबरला, वॉशिंग्टनमध्ये आरमारं आटोक्यात आणण्यासाठी परिषद भरली होती. अमेरिकेने पहिल्याच दिवशी प्रस्ताव मांडला: तीन देशांनी मिळून ६६ मोठी जहाजं मोडीत काढायची किंवा बांधायची सोडून द्यायची. एकूण भार १८ लाख ७८ हजार टन.

रिनाऊन त्यातून वाचली. शत्रूच्या लढाऊ जहाजांवर तिने पहिला गोळा झाडला तो ९ एप्रिल १९४० ला, नॉर्वेच्या किनाऱ्यालगत, वादळी हवेत, दोन जर्मन जहाजांवर. पंधरा इंची गोळे गेले २३०, म्हणजे दोनशे टन. त्यांतले लागले दोन-तीन.