खाडी व्ह्यू, क्लब हाऊस... आणि हा वास कसला?

बाल्कनीतून दिसणारे येऊरचे डोंगर, खाली क्लब हाऊस, हातात चावी आणि डोक्यावर वीस वर्षांचा ईएमआय! घोडबंदर रोडला घर घेणाऱ्याचं पॅकेज साधारण असंच असतं. ब्रोशरमध्ये इटालियन मार्बल असतं, स्विमिंग पूल असतो. फ्लश केल्यावर पाणी जातं कुठे, याचा फोटो मात्र कुणी छापत नाही. मग राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात बाथरूममधून कुजका वास येतो, तळमजल्याचं चेंबर उलटं वाहायला लागतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला महायुद्ध पेटतं.

आधी एक फुकटची टेस्ट. घर बरेच दिवस बंद असेल तर नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं. गटारातला वायू अडवतं ते हेच पाणी. दोन तांबे पाणी ओता. वास थांबला तर प्लंबरचे पैसे वाचले! नाही थांबला, तर संशय पाइपवर. टाइल्स बसवताना उरलेला सिमेंटचा राडा बिनधास्त त्याच पाइपात धुतला जातो. तो आत दगडासारखा बसतो आणि बाजारातली कुठलीही पावडर त्याला हलवत नाही.

खरी गोम बहुतेक वेळा जमिनीखाली असते. छोट्या इमारतींना सेप्टिक टँक, मोठ्या टॉवर्सना एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारा प्लँट. तिथलं मुख्य काम जिवाणू करतात आणि त्यांना रोज खुराक लागतो. चारशे फ्लॅट्सपैकी साठच घरांत माणसं राहत असतील तर बिचारे उपाशी मरतात आणि प्लँट नुसताच घरघरत राहतो. सेप्टिक टँकची तऱ्हा वेगळी. सखल जमिनीत पावसाळ्यात भूजल वर आलं की शोषखड्डा पाणी शोषेनासा होतो, मग टँक भरतो आणि मैला चेंबरमधून अंगणात!

‘आता सोसायटीचं तुम्ही बघा,’ असं बिल्डरचा माणूस गोड हसून सांगतो. ऐकू नका. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जात किंवा सेवासुविधांमध्ये दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एकही पैसा न घेता दुरुस्त करायचा असतो. जुन्या मोफा कायद्यात ही मुदत तीनच वर्षं होती. फोनवर भांडण्यात अर्थ नाही. फोटो काढा, तारीख टाका, ई-मेल करा, स्पीड पोस्टाने पत्रही पाठवा. महिना उलटला तर महारेराचं दार आहेच.

पण या भांडणात महिने जातात, वास थांबत नाही, आणि कमिटीतलं कुणीतरी म्हणतं, ‘दोन माणसं उतरवू, तासाभरात काम होईल.’ इथे थांबा. मे २०१९ मध्ये घोडबंदर रोडला लागून असलेल्या ढोकाळीतल्या एका गृहसंकुलात एसटीपी साफ करायला आठ कामगार गेले होते. तिघांचा जीव गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवंडीतही तिघे सेप्टिक टँकमध्ये गेले. त्यांच्या पत्नी हायकोर्टात लढल्या, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश झाला. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी ही रक्कम तीस लाखांवर नेली.

टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास मारतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ‘आता वास येत नाही’ म्हणून माणूस उतरतो, तो तिथेच कोसळतो. मागचा त्याला काढायला धावतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेकेदाराकडे बोट दाखवून कमिटीला हात झटकता येतीलच असं नाही.

तेव्हा टँकरवाल्याचं कोटेशन घेताना त्यावर लिहून घ्या: उपसा सक्शन मशीनने, आत माणूस उतरणार नाही, उपसलेला गाळ कुठे नेणार. ‘माणूस उतरवतो, निम्म्यात करून देतो’ म्हणणारा एखादा भेटेलच. त्याला गेटवरूनच परत पाठवा.